खुडूक कोंबडीपासून थर्माकोलच्या पेटीपर्यंत
घरगुती अंडी उबवणी यंत्रावरील पुस्तकाची प्रस्तावना

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर पडायला २१ दिवस लागतात. त्या २१ दिवसांत अंड्याची मागणी चारच गोष्टींची असते: साधारण ३७.५ अंश सेल्सिअसची अखंड ऊब, हवेत बेताचा ओलावा, श्वासापुरती ताजी हवा आणि दिवसातून अनेकदा कूस बदलणं. खुडूक बसलेली गावरान कोंबडी हे सगळं कुणी न शिकवता करते. तिच्या पोटाखालची पिसं झडतात आणि उघडी कातडी थेट अंड्यांना लागते. चोचीने ती अंडी फिरवते, कडेची मध्ये घेते, मधली कडेला सारते. दिवसातून एकदा उठून दाणापाणी करते आणि अंडी थंडावण्याआधी परत येऊन बसते. थर्माकोलची पेटी, दोन बल्ब, एक लहान पंखा आणि थर्मोस्टॅट घेऊन माणूस तेच करायला बसतो, तेव्हा त्याला यातली एकेक गोष्ट शिकून घ्यावी लागते. हे पुस्तक त्या शिकण्यासाठी आहे.

ते वाशीम जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा. शेती मुख्यतः पावसावरची, सोयाबीन आणि तुरीची. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातले आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांपैकी वाशीम एक होता. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि भाव पडला की तोही हातात टिकत नाही. अशा घरात आठ-दहा कोंबड्या म्हणजे आठवड्याच्या बाजाराचा आधार. हा पैसा बहुतेक घरी बाईच्या हाताने येतो आणि तिच्याच हाताने खर्च होतो. म्हणून अंड्याचं पिल्लू कुठे आणि कुणाच्या हातून होतं, हा प्रश्न मला यंत्रापेक्षा मोठा वाटतो.

गावरान कोंबडीचं गणित आधी मांडतो. ती वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी देते, तीही टप्प्याटप्प्याने. दहा-पंधरा अंडी झाली की खुडूक होते. अंड्यांवर बसली की तीन आठवडे तिथे, आणि पुढे पिल्लं स्वतःचं स्वतः पाहण्याजोगी होईपर्यंत त्यांच्या मागे. तेवढे दिवस अंडी बंद. घारीने, मांजराने आणि मुंगसाने नेलेली पिल्लं वजा केली की एका बैठकीतून हाती काय लागलं, हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. याच कारणाने सुधारित जातींचा मार्ग पुढे आला. बंगळूरहून गिरिराज आली, हैदराबादहून वनराज आणि ग्रामप्रिया आल्या. २५ माद्या आणि ३ नर असा तलंगांचा गट अनुदानावर देणारी शासनाची योजना गावोगाव पोचली. या कोंबड्या गावरानपेक्षा बरीच जास्त अंडी देतात. पण त्या जास्त अंडी देतात त्यामागे एक कारण हेही आहे की त्यांच्यातला खुडूक बसण्याचा गुण निवडीत जवळजवळ काढून टाकलेला असतो. अंडी आहेत, पण बसायला कुणी नाही, अशी स्थिती परसात तयार होते. मग गट संपला की पुन्हा पिल्लं विकत आणायची. पिल्लू विकत आणणारं गाव कायम गिऱ्हाईकच राहतं. ही साखळी गावात जुळवायची तर उबवणी गावात व्हायला हवी, आणि या पुस्तकाचा सारा आग्रह तोच आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वनराजसारख्या जाती संकरातून तयार केलेल्या असतात. त्यांच्याच अंड्यांतून घरी पिल्लं काढली तर पुढच्या पिढीत आईबापांचे गुण तसेच उतरत नाहीत. कोंबड्या एकसारख्या निघत नाहीत आणि अंडीही घटतात. घरच्या पेटीचा खरा उपयोग गावरान कळपासाठी आहे. चांगली अंडी देणाऱ्या, रोगात टिकलेल्या कोंबड्यांची अंडी निवडायची, दर आठ-दहा माद्यांमागे एक तगडा कोंबडा ठेवायचा आणि पिढी-दरपिढी कळप सुधारत न्यायचा. आणखी एक गोष्ट नवख्यांसाठी: दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही. लेअर फार्मवर कोंबडा नसतो, त्यामुळे ती अंडी फलित नसतात.

कृत्रिम उबवणीचा इतिहास विजेपेक्षा फार जुना आहे. इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी एकदम उबवत. तिथे शेणाच्या उकिरड्यात अंडी उबवली जातात असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं आहे. त्या भट्ट्यांवरच्या कारागिरांकडे थर्मामीटर नव्हता. ते अंडं उचलून डोळ्याच्या पापणीला लावायचे आणि ऊब कमी की जास्त ते सांगायचे. ही विद्या बापाकडून मुलाकडे जायची, बाहेर जायची नाही. चीनमध्ये आणि आग्नेय आशियात धान्याच्या आणि भाताच्या तुसाच्या उबेवर अंडी उबवण्याच्या पद्धती वाढल्या. बांगलादेशात बदकाच्या अंड्यांसाठी तुसाची पद्धत खेड्यांतल्या बायकांनी चालवली. तापवलेलं तूस आणि अंड्यांच्या पिशव्या थराथराने रचायच्या, आणि आधीच्या अंड्यांची स्वतःची उष्णता नव्या अंड्यांना मिळेल अशी मांडणी ठेवायची. वाढत्या गर्भाच्या अंगातून उष्णता बाहेर पडते, हे त्यांनी अनुभवाने ओळखलं होतं.

युरोपात या विद्येला मोजमाप मिळालं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने उबवणीच्या भट्टीची आच आपोआप कमीजास्त करणारी योजना केली. आजच्या थर्मोस्टॅटचा मूळपुरुष तो. फ्रान्सच्या रेओमूर यांनी १७४९ मध्ये कृत्रिम उबवणीवर पुस्तकच प्रसिद्ध केलं आणि थर्मामीटर या कामात आणला. १८७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी लायमन बाइस यांनी कंदिलावर चालणारी पेटी तयार केली आणि ते गाव पुढे अंड्यांसाठी नावाजलं. १८८१ मध्ये लंडनच्या चार्ल्स हिअरसन यांनी ईथर भरलेली धातूची चपटी डबी वापरली. उष्णता वाढली की डबी फुगते आणि पेटीत जाणारी दिव्याची ऊब कमी करते. ही डबी शंभर वर्षांहून जास्त काळ छोट्या यंत्रांत टिकली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंख्याने हवा खेळवणारी यंत्रं आली आणि एका खोलीत हजारो अंडी ठेवता येऊ लागली. कोंबडीपालनाचा कारखाना झाला तो या पंख्यामुळे.

आपल्याकडे हा कारखाना महाराष्ट्रातही वाढला. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुणे हे देशातल्या पोल्ट्री उद्योगाचं एक केंद्र झालं. १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. राज्य शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) आणि नागपूर इथे चालतात. या सगळ्यांमुळे अंडं स्वस्त झालं, हे मोठं काम आहे. पण त्याबरोबर उबवणी खेड्यातून उठून शहराजवळच्या मोठ्या शेडमध्ये गेली आणि एका दिवसाचं पिल्लू खोक्यात बसून शेकडो किलोमीटर प्रवास करू लागलं. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या कोंबड्या-बदकांची संख्या ८५ कोटी १८ लाख भरली. त्यांत परसातले पक्षी ३१ कोटी ७० लाख होते आणि आधीच्या गणनेपेक्षा ही संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली होती. म्हणजे परसबाग संपलेली नाही, ती वाढते आहे. तिला लागणारी पिल्लं कुठून येणार, हा आजचा प्रश्न आहे.

सरकारी मदत आहे, पण ती मोठ्या पायरीवर आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ नंतरच्या स्वरूपात ग्रामीण कुक्कुटपालनाच्या प्रकल्पाला ५० टक्के, जास्तीत जास्त २५ लाख रुपये अनुदान मिळतं. त्यासाठी हजार मूळ पक्षी आणि आठवड्याला तीन हजार अंड्यांची उबवणी लागते. एका बाजूला हा प्रकल्प, दुसऱ्या बाजूला डालग्याखाली बसलेली एक खुडूक कोंबडी. या दोघांच्या मधली पायरी म्हणजे ५० ते २०० अंड्यांची पेटी. एक घर किंवा एक बचतगट ती चालवू शकतो. शासनाच्या उमेद अभियानातल्या बचतगटांमुळे आणि पशुसखींमुळे लस टोचणारे हात गावात तयार झाले आहेत. अंडी उबवणारे हात त्यांच्या शेजारी उभे राहिले, तर साखळी पूर्ण होते.

घरी पेटी बनवणाऱ्यांत आज ढोबळपणे तीन वाटा दिसतात. पहिली, बिनपंख्याच्या पेटीची. खोक्यात बल्ब, तळाशी पाणी, वर झाकण. ती सगळ्यांत सोपी आणि स्वस्त. पण आत गरम हवा वर चढते आणि थर पडतात. अंड्याच्या माथ्यावर ३८.५ ते ३९ अंश असले तरच त्याच्या पोटात योग्य ऊब पोचते, म्हणून अशा पेटीत थर्मामीटर अंड्याच्या माथ्याच्या उंचीवर टांगावा लागतो. दुसरी वाट पंख्याच्या पेटीची. संगणकातून निघालेला १२ व्होल्टचा जुना पंखा हवा खेळती ठेवतो आणि सगळीकडे ३७.५ अंश धरता येतात. बहुतेक नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. तिसरी वाट इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची. शाळा-कॉलेजातली पोरं सेन्सर आणि आर्डुइनो लावून तापमान-ओलावा मोबाइलवर पाहतात, अंड्यांचा ट्रे मोटरने आपोआप कलता करतात. या वाटेने श्रम वाचतात. मात्र सेन्सर चुकीचा आकडा दाखवत असेल, तर सगळी यंत्रणा तीच चूक २१ दिवस नेमाने करत राहते.

म्हणून पेटीआधी मोजणं. घरातला ताप बघायचा थर्मामीटर ३७ अंशांच्या आसपासच सगळ्यांत अचूक असतो. कोमट पाण्यात तो आणि पेटीचा सेन्सर शेजारी शेजारी धरले की सेन्सर किती खरं बोलतो ते कळतं. ओलावा मोजणाऱ्या यंत्राची परीक्षाही स्वयंपाकघरात होते. झाकणीत मीठ घ्या, ते ओलं राहील इतकंच पाणी घाला, यंत्रासोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी काटा ७५ टक्क्यांच्या जवळ असायला हवा. नसेल, तर जेवढा फरक तेवढी दुरुस्ती प्रत्येक नोंदीत करायची.

बल्बबद्दलही थोडं. उबेसाठी तारेचा पिवळा बल्ब लागतो, एलईडी उपयोगाचा नाही. २०१५ पासून उजाला योजनेने एलईडी घरोघर नेले आणि पिवळा बल्ब दुकानातून मागे पडत चालला. म्हणून या पुस्तकात बल्बबरोबर हीटर कॉइलच्या पेटीचाही आराखडा दिला आहे. बल्ब लावले तर दोन लावावेत, एक उडाला तर दुसरा ऊब धरून ठेवतो. थर्मोस्टॅटही दोन लावावेत. पहिल्याचा रिले चिकटला आणि बल्ब बंदच झाला नाही, तर थोड्या वरच्या अंशावर बसवलेला दुसरा वीज तोडतो. पाण्याची ताटली आणि २३० व्होल्टची तार एकाच खोक्यात असतात. तिथे अर्थिंग आणि फ्यूज यांच्यात काटकसर चालणार नाही.

आता वाशीमच्या हवेकडे. बाहेरची पुस्तकं खोलीचं तापमान २०-२५ अंश गृहीत धरून पेटी सांगतात. इथे एप्रिल-मे महिन्यांत टिनाच्या घरात दुपारी पारा सहज चाळिशी ओलांडतो. आपल्या पेटीत तापवायची सोय असते, थंड करायची नसते. बल्ब बंद असूनही आत ३९-४० अंश झाले की अंडी मरू लागतात. गर्भाला थोडा वेळ थंडावा सोसतो, जास्तीची उष्णता सोसत नाही. तास-दोन तास लाइन गेली तर जाड थर्माकोलची पेटी आणि गरम पाण्याच्या बाटल्या निभावून नेतात, पण काही तास ४१ अंश झाले तर सगळी खेप हातची जाते. म्हणून उन्हाळ्यात पेटी मातीच्या भिंतीच्या, धाब्याच्या खोलीत ठेवायची, नाहीतर ते दोन महिने सोडून द्यायचे. आपल्याकडे दिवाळीनंतर बसवलेल्या कोंबडीची पिल्लं चांगली निघतात, असं जुनी माणसं म्हणतात. पेटीलाही तोच हंगाम मानवतो.

ओलाव्याचंही तसंच. पहिल्या १८ दिवसांत ५० ते ५५ टक्के आणि शेवटच्या तीन दिवसांत ६५ ते ७० टक्के, हा सर्वमान्य हिशेब. पण उन्हाळ्यातल्या कोरड्या दुपारी इथे पाण्याची ताटली भरून, वर ओलं फडकं टाकूनही आकडा गाठता येत नाही, आणि श्रावणात ताटली कोरडी ठेवली तरी तो ओलांडला जातो. यावर सगळ्यांत भरवशाचं साधन म्हणजे वजनकाटा. अंड्याच्या कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांतून पाणी सतत उडत राहतं. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १२ ते १३ टक्क्यांनी कमी व्हायला हवं. ५० ग्रॅमचं अंडं ४४ ग्रॅमच्या जवळ यायला हवं. फार घटलं तर पेटी कोरडी आहे, कमी घटलं तर दमट आहे. ओलाव्याच्या यंत्रावर विश्वास नसला तरी ट्रे काट्यावर ठेवून हा हिशेब कुणालाही करता येतो.

सातव्या रात्री खोलीत अंधार करून, पुठ्ठ्याच्या नळीतून मोबाइलचा उजेड अंड्याच्या रुंद टोकाला लावून पाहावं. फलित अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसतात आणि त्यांच्या मध्ये एक काळा ठिपका हलतो. तो गर्भाचा डोळा. वांझ अंडं आरपार पिवळं दिसतं. नुसती रक्ताची कडी दिसली तर गर्भ सुरुवातीलाच मेला आहे. अशी अंडी त्याच वेळी बाहेर काढायची, नाहीतर कुजून फुटतील. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवायचं, आणि एकविसाव्या दिवशी हात आवरायचा. पिल्लू आधी आतल्या हवेच्या पोकळीत चोच घालतं, मग कवचाला भोक पाडतं आणि नंतर कित्येक तास निपचित पडून राहतं. त्या काळात उरलेला बलक पोटात ओढला जात असतो आणि कवचाच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या बंद होत असतात. मदत करायला म्हणून झाकण पुन्हा पुन्हा उघडलं की ओलावा निघून जातो, पडदा वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटतो, आणि निघालं असतं ते पिल्लू आतच राहतं.

रोगाचा प्रश्नही टाळून चालणार नाही. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबारच्या नवापूरमध्ये आला, आणि २०२५ मध्ये आपल्याच कारंजा तालुक्यात एका पोल्ट्रीत तो आढळला. पुलोरमसारखे काही रोग तर अंड्यातूनच पिल्लात उतरतात. गावातली पाच घरांची अंडी एका पेटीत येणार असतील, तर पेटी गावाला पिल्लं देते तशी रोगही देऊ शकते. म्हणून प्रत्येक खेपेनंतर पेटी धुऊन उन्हात वाळवणं, आजारी कळपाची अंडी न घेणं, आणि पिल्लांना वेळेवर मानमोडीची लस देणं, हे उबवणीचाच भाग मानून या पुस्तकात घेतलं आहे. जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र रिसोड तालुक्यातल्या करडा इथे आहे आणि पशुवैद्यक शास्त्राची पदव्युत्तर संस्था शेजारी अकोल्याला आहे. शंका घेऊन तिथे जायला संकोच करू नये.

या पुस्तकात पेटी बांधण्यापेक्षा पेटी चालवण्याला जास्त पानं दिली आहेत. पेटी एका दिवसात होते, तिच्यामागचे २१ दिवस रोजचे असतात. अंड्यांची निवड, थंड जागी जास्तीत जास्त सात दिवस ती साठवणं, हंगामाप्रमाणे पाणी, लाइन गेल्यावर काय करायचं, आणि आई नसलेल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंशांची ऊब कशी द्यायची, असा क्रम ठेवला आहे. खुडूक कोंबडी असेल तर तिला पेटीतली पिल्लं रात्री पोटाखाली कशी लावून द्यायची, हेही सांगितलं आहे. पेटी आली म्हणून कोंबडीची माया टाकून देण्याचं कारण नाही. एक कोंबडी वाढवू शकेल एवढ्या पिल्लांना ब्रूडर, म्हणजे ऊब देणारं वेगळं खुराडं, लागत नाही.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोरे तक्ते आहेत, आणि माझ्या मते पुस्तकाचा सगळ्यांत मोलाचा भाग तोच आहे. तारीख, खोलीचं तापमान, पेटीचं तापमान, ओलावा, ट्रेचं वजन, किती वांझ, किती मेली, किती निघाली. मानोऱ्याच्या तांड्यातल्या आणि रिसोडच्या मळ्यातल्या नोंदी शेजारी शेजारी आल्या की वाशीमच्या हवेचा स्वतःचा हिशेब तयार होईल, आणि तो परक्या पुस्तकात कुठेच मिळणार नाही. इजिप्तच्या कारागिरांनी आपली विद्या घराबाहेर जाऊ दिली नाही. आपण ती लिहून शेजारणीच्या हातात द्यावी. पहिली खेप दहाच अंड्यांची लावा, पण तिचा तक्ता पूर्ण भरा. त्यातून चारच पिल्लं निघाली, तरी उरलेली सहा का गेली हे त्या तक्त्यावरून कळेल, आणि पुढची खेप तिथूनच सुधारता येईल.